पुढच्या वर्षीचा पाठ

“गुरुजी, देवाला नखं आहेत का?”

सुट्टीतल्या बायबल शाळेचा तिसरा दिवस होता. चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत सोळा मुलं सतरंजीवर बसली होती, ती सगळी एकदम हसली. शिरसाठांचा दानीएल मागच्या मागे लोळला.

“असली तर कापून कोण देतं गं त्याला?” तो म्हणाला.

“या खोलीत प्रश्नाला हसायचं नाही,” मी म्हणालो.

हा माझा जुना नियम. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. मुलाला प्रश्न पडला म्हणजे निम्मं शिकणं झालं, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. हा प्रश्न विचारणारी पोरगी सात वर्षांची होती. नाव लुदिया. दोन वेण्या, त्यातली एक कायम अर्धी सुटलेली. फेब्रुवारीत तिची आई हैदराबादला काविळीनं गेली होती. बाप तिकडे लिफ्टच्या कंपनीत फिटर. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. म्हणून त्यानं पोरीला आमच्या गावी आजीकडे आणून ठेवलं होतं.

“नाहीत,” मी तिला सांगितलं. “देव आत्मा आहे. त्याला आपल्यासारखं शरीर नाही. म्हणून नखं नाहीत, केस नाहीत, हातही नाहीत.”

“पप्पा म्हणतात आहेत. मांसाचे आणि हाडांचे. फक्त ते कधी दुखत नाहीत.”

“तुझे पप्पा कुठल्या चर्चला जातात?”

तिनं एका दमात एक लांबलचक नाव म्हणून दाखवलं, नगरच्या बसवरची पाटी वाचावी तसं. मग म्हणाली, “लोक मॉर्मन म्हणतात.”

त्या संध्याकाळी तिची आजी, मार्थाबाई पारधे, माझ्या ओट्यावर येऊन बसली. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून तिनं जन्म काढला होता. बोलणं तिखट, पण पोटात काही ठेवायची नाही.

“गुरुजी, माझ्या लेकीला त्यांनी तिकडं बुडवलं, आता नातीला बुडवायला निघालेत. खरोखरचं बुडवतात हो, हौदात. आठ वर्षं पुरी झाली की त्यांच्यात बाप्तिस्मा देतात. हिला जूनच्या सव्वीसला आठ पुरी होतात.”

“पण हिचा बाप्तिस्मा इथंच झालाय. मी होतो की त्या दिवशी. पाणी पडल्यावर केवढी रडली होती.”

“तो त्यांना चालत नाही. अन् त्यांचा आपल्याला चालतो का, ते मी पाळकसाहेबांना विचारून आले. ते म्हणाले, शब्द तेच आहेत मार्थाबाई, बाप, पुत्र, पवित्र आत्मा. पण देव तो नाही.”

मी आतून चहा मागवला. कप हातात घेऊन ती म्हणाली, “जावईबापू हेसुद्धा घेत नाहीत. आलं टाकून केला होता मी, तसाच गार झाला. मला वाटलं, एवढ्या लवकर साखर झाली की काय याला. तर म्हणे, देवानं मना केलंय. आपल्या देवानं चहाला कधी काही म्हटलंय का? अन् त्यांचे ते एल्डर! एल्डर म्हणजे वडीलच ना हो? मी बघितले हैदराबादला. वीस-वीस वर्षांची गोरी पोरं, पांढरा सदरा, खिशाला नावाची काळी पट्टी. मिशी फुटली नाही अजून, अन् म्हणे वडील.”

मला हसू आलं. मी स्वतः आमच्या चर्चचा वडील होतो, आणि तो मान मिळेपर्यंत माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

ती हसली नाही. “जूनमध्ये तिला न्यायला येतो म्हणालाय. पण पोरगी राजी असेल तरच नेईन, जबरदस्ती करणार नाही, असा शब्द दिलाय त्यानं. शब्दाचा पक्का आहे, ते खोटं कशाला बोलू? गुरुजी, तिनं नाही म्हणायला पाहिजे. मला एकच लेक होती.”

“मार्थाबाई, मी लेकराला बापाविरुद्ध काही शिकवणार नाही.”

“बापाविरुद्ध नका शिकवू. देवाबद्दल शिकवा. पुढचं आपोआप होईल.”

त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून इतर मुलं घरी गेली की मी लुदियाला अर्धा तास जास्त थांबवू लागलो. रागावून मी कधीच शिकवलं नाही, तिला तर मुळीच नाही. आधी ती काय मानते ते तिच्याकडून समजून घेतलं. देवबाप, येशू आणि पवित्र आत्मा असे तिघं तिच्या मनात वेगवेगळे होते.

“तीन जण, पण मन एक,” ती म्हणाली. “मी, मम्मी आणि पप्पा होतो तसे.”

“म्हणजे तीन देव झाले की गं.”

मी तिला सांगितलं, आपण तीन देव मानत नाही. देव एकच. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्याच एका देवामध्ये आहेत, एकमेकांपासून तोडता येत नाहीत आणि एकमेकांत मिसळूनही जात नाहीत. “हे डोक्यात पुरतं मावत नाही,” मी म्हणालो. “माझ्याही नाही.”

हे तिला आवडलं. गुरुजींनाही कळत नाही असं काही आहे, याचं मुलांना बरं वाटतं.

आत्मा समजावताना मी तिला चर्चच्या घंटेखाली नेलं आणि दोर ओढायला दिला. “आवाज कुठवर गेला?”

“नदीपर्यंत.”

“आवाजाला पाय आहेत?”

“नाहीत. पण घंटेला अंग आहे ना, गुरुजी.”

बत्तीस वर्षांत असं उत्तर मला दोन-तीनदाच मिळालं असेल. मी मनापासून तिची पाठ थोपटली, आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा सुरुवात केली. तिनं विचारलं, देवाला हात नाहीत तर आजी सगळं देवाच्या हातात आहे असं का म्हणते? मी म्हणालो, ती बोलायची पद्धत आहे. मग तिनं विचारलं, “आणि बाप? तीपण बोलायची पद्धत आहे का?”

“नाही. तो खरोखरच बाप आहे.”

“हात नसलेला?”

“हो.”

एकदा ती म्हणाली, स्वर्गात देवबापाबरोबर आईपण आहे. तिची प्रार्थना करायची नसते, पण ती आहे, असं पप्पा सांगतात. मी तिच्यापुढे शास्त्र ठेवलं आणि म्हणालो, “कुठं लिहिलंय, शोधून दे. तुला सापडलं तर मीही मानीन.” तिला वाचायला नुकतंच येत होतं. तिनं चार दिवस पानं उलटली, बोट ठेवून एकेक ओळ. पाचव्या दिवशी पुस्तक मिटून तिनं ते माझ्याकडे सरकवलं.

“नाही सापडली,” ती म्हणाली.

मेच्या अखेरीस मी मुलांसाठी बारा प्रश्नोत्तरं लिहून काढली. देव कोण आहे, किती आहेत, त्याला सुरुवात आहे का, असे. लुदियाच्या कागदावर मी तेरावा प्रश्न घातला. स्वर्गात देवाला पत्नी आहे का? उत्तर : नाही, देवासारखा दुसरा कोणी नाही. हा प्रश्न बाकीच्या पंधरा मुलांना नव्हता. तिनं तेराही उत्तरं पाठ केली, कुठं अडखळली नाही. फक्त या दिवसांत तिचे प्रश्न कमी होत चाललेत हे माझ्या ध्यानात आलं होतं. ते समजल्याचं लक्षण आहे असं मी धरून चाललो.

लुदियाचा बाप, आमोस, जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारच्या गाडीनं आला. मार्थाबाईनं मला आधीच बोलावून ठेवलं होतं. लुदिया शेजारी गेली होती. तिला हाक मारायला मार्थाबाई बाहेर पडली आणि आम्ही दोघं पुढच्या पडवीत बसलो. तिशी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. बोटांच्या पेरांत ग्रीसचा काळेपणा मुरलेला. सोबत नव्या कोऱ्या सॅंडलचा खोका होता.

“जय ख्रिस्त, गुरुजी. तुम्ही मला चौथीला होतात. विसरलात का?”

“विसरेन कसा? भूमितीत तुझा हात कोणी धरत नव्हतं.”

तो हसला. मग म्हणाला, “पाळकसाहेब म्हणतात, आमचा देवच दुसरा.”

“आमोस, तुमचा देव मांसाहाडाचा. आमचा देव आत्मा. तुम्ही तीन वेगळे मानता, आम्ही एक. आणि माणूसही पुढं देवासारखा होऊ शकतो म्हणता ना तुम्ही? मग हा दुसराच देव झाला की नाही?”

“लेकरू बापासारखं होत नाही का, गुरुजी?”

“मग त्या बापाचा बाप कोण?”

“ते मला नाही सांगता येत. मी फिटर माणूस.” तो खोक्याची दोरी सोडवत होता, पुन्हा बांधत होता. “लुदियाच्या आधी आमचं एक गेलं होतं. पोटातच. लुदियाची मम्मी, करुणा, दोन वर्षं धड जेवली नाही. इथं सगळे म्हणाले, देवाची इच्छा. तिकडं ती दोन गोरी पोरं दारात आली. मराठी नाही, हिंदी मोडकंतोडकं. ते म्हणाले, देवाचं घर आहे. त्या घरात मेल्यावरही नवरा नवराच राहतो, बायको बायकोच राहते, आणि गेलेलं लेकरू परत कुशीत देतात. त्या दिवशी करुणा दोन पोळ्या जेवली. गुरुजी, मी बाकीचं सगळं नंतर मानलं.”

“माणसाला बरं वाटतं म्हणून ते खरं होत नाही.”

“नाही होत,” तो म्हणाला. “ते मलाही कळतं.”

तेवढ्यात मार्थाबाई लुदियाला घेऊन आली. पोरगी बापाला पाहून धावत आली नाही. आजीचा पदर धरून दारातच उभी राहिली. आमोसनं खोका उघडून सॅंडल खाली ठेवले. ते एक माप मोठे होते.

“वाढत्या पायाचे घेतलेत,” तो म्हणाला. “चल, लुदू. शाळा सुरू होईल तुझी. खालच्या मजल्यावरच्या काकू तुला दुपारी सांभाळणार आहेत. मी रात्रपाळी सोडली.”

ती आजीच्या पदराआड सरकली.

“तुझी मर्जी आहे. पप्पा ओढून नेणार नाहीत. यायचं ना?”

“मला नाही यायचं.”

मार्थाबाईनं डोळे मिटून घेतले. तिच्या तोंडून आभाराचा शब्द निघाला असावा.

“का गं?” आमोसनं विचारलं. आवाज शांत होता.

“तुमचा देव वेगळा आहे.”

“बरं. असू दे वेगळा. मी तर तोच आहे ना?”

“तुम्ही खोटं सांगितलं.” आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “तुम्ही म्हणाला, मम्मी परत माझी नखं कापेल. वेणी घालेल. म्हणाला, देवाला हात आहेत म्हणून मम्मीलापण तिचे हात परत मिळतील. देवाला हात नाहीत. तिथं कोणालाच काही नसतं. मम्मी आता नुसता वारा आहे. मला ओळखणारपण नाही. आणि तुम्हाला माहीत होतं!”

बाहेर कोणाची तरी शेळी कुंपणात तोंड घालून पाला ओढत होती.

मी हे तिला शिकवलं नव्हतं. पण शिकवलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. मी एक पाऊल टाकायला शिकवलं, दुसरं तिनं स्वतःच टाकलं. सहा आठवडे ती देवाबद्दल काही विचारतच नव्हती. ती आईबद्दल विचारत होती, आणि मी, जो मुलांच्या प्रश्नाला कोणाला हसू देत नसे, दररोज तिला दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतो.

आमोस माझ्याकडे वळला. तो भांडेल असं मला वाटलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “माझं सगळं चूक असू द्या. देवाला हात नाहीत, मान्य. पण मेलेले शरीरासह उठतील, हे तर तुम्हीही मानता. दर रविवारी उभं राहून सगळी मंडळी म्हणते. मीही म्हटलंय, याच गावात, लहानपणापासून. तेवढं सांगा तिला. माझ्या तोंडचं ती आता ऐकणार नाही. तुम्ही सांगा.”

तो म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. आमच्याच विश्वासातली गोष्ट. त्यासाठी मला मॉर्मन व्हायला नको होतं, पाळकसाहेबांना विचारायला नको होतं. लुदिया, तुझी मम्मी वारा नाही, एक दिवस ती तिच्याच देहानं उठेल आणि तुला ओळखेल. एवढंच वाक्य होतं. एका श्वासात झालं असतं.

लुदिया माझ्याकडे बघत होती. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. मी जे म्हणेन ते तिनं घेतलं असतं.

आणि मार्थाबाईही माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. तिला गरजच नव्हती. ते वाक्य बोललो असतो तर पोरीचा राग त्याच क्षणी उतरला असता, तिनं ते मोठे सॅंडल पायात घातले असते आणि संध्याकाळच्या गाडीनं बापाबरोबर गेली असती. सव्वीस जूनला तिला हौदात उतरवलं असतं. मला ते सगळं दिसत होतं. एका जिवाला मी चुकीच्या देवाकडून वाचवतो आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

“ते पुढच्या वर्षीच्या पाठात आहे,” मी म्हणालो. “या वयात एकदम सगळं सांगितलं की मुलांचा गोंधळ होतो.”

आमोस उठून उभा राहिला. मग म्हणाला, “तुम्ही चर्चचे वडील आहात, गुरुजी. मी तिचा वडील आहे. आज तुमचं चाललं.”

त्यानं सॅंडल खोक्यात परत भरले नाहीत. तसेच पडवीत ठेवून, लुदियाच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला आणि गाडीच्या वेळेच्या दोन तास आधीच स्टँडकडे निघून गेला. दिलेला शब्द त्यानं पाळला. मार्थाबाई माझे पाय धरायला वाकली, मी तिला धरू दिले नाहीत, एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी बरी केली.

दिवाळीच्या सुट्टीत तो एकदा येऊन गेला. लुदिया त्याच्याशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली. जानेवारीत त्यानं दुसरं लग्न केल्याचं पत्र आलं. बायको तिकडचीच, त्यांच्याच चर्चची होती. मार्थाबाईनं ते पत्र मला वाचायला आणून दिलं आणि परत मागितलं नाही.

मी आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. देव आत्मा आहे, असंच मी आजही मानतो. त्या तेरा उत्तरांतलं एकही उत्तर मला आज बदलावंसं वाटत नाही. लोकांना वाटतं, शिक्षकाला चुकीचं शिकवल्याचं दुःख होत असेल.

आमोस न्यायला आला होता त्याच्या पुढच्या वर्षी मेमध्ये तो पाठ आला. मी ठरवल्याप्रमाणे शिकवला. मुलांना सांगितलं की मरण हा शेवट नाही, माणसं नुसत्या आत्म्यानं नव्हे तर शरीरासह उठवली जातील, आणि आपली माणसं आपल्याला ओळखतील. लुदिया आता पहिल्या ओळीत बसत नव्हती. तिनं मान खाली घालून सगळं वहीत उतरवलं. अक्षर सुंदर झालं होतं तिचं.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. गेल्या वर्षीसारखंच आम्ही दोघं सतरंजीवर बसलो.

“कळलं ना, लुदिया? हे तुझ्या मम्मीबद्दलही आहे. तिलाही तिचं शरीर मिळेल. ती तुला ओळखेल.”

तिनं वहीतली ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ हलवत. मी वाट बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही उजळेल, निदान ती रडेल, असं मला वाटत होतं. तिनं वही मिटली.

“गुरुजी, हे तुम्हाला मागच्या वर्षी माहीत होतं?”

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हाही माझा एक नियम होता.

“हो,” मी म्हणालो.

ती उठली. वही दप्तरात ठेवली, दप्तराचा बंद नीट लावला. दारात जाऊन चपला घातल्या आणि उन्हातून घराकडे गेली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. मी हजेरी घेताना तिचं नाव दोनदा पुकारलं.